मूठभर वाचकांचे त्रैमासिक : कीटकभक्षी वनस्पतींच्या छंदाविषयी प्रस्तावना

एखाद्या आडवळणाच्या छंदाला वाहिलेले नियतकालिक निघते, तेव्हा त्याचे वाचक आणि त्याचे लेखक बहुधा एकच असतात, आणि त्यामुळे मासिके, साप्ताहिके, दिवाळी अंक या मराठी वाचकाच्या ओळखीच्या प्रकारांना लावायच्या कसोट्या त्याला लावून चालत नाहीत. एप्रिल १९७२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेले ‘कार्निव्होरस प्लांट न्यूजलेटर’ हे त्रैमासिक या प्रकाराचा चांगला नमुना आहे. कीटकभक्षी वनस्पती घरात, अंगणात किंवा काचघरात वाढवणारी आणि एकमेकांपासून शेकडो मैलांवर विखुरलेली मंडळी हे त्याचे वाचक होते, आणि त्याचे दोन संस्थापकही असेच देशाच्या दोन टोकांना राहणारे होते. डोनाल्ड श्नेल हे पूर्वेकडील उत्तर कॅरोलायनातील विकृतितज्ज्ञ, म्हणजे रोगट पेशी आणि ऊती तपासून निदान करणारे डॉक्टर होते, तर जो मॅझ्रिमास पश्चिमेकडील कॅलिफोर्नियात प्रयोगशाळेत काम करणारे संशोधक होते. वनस्पतिशास्त्र हा दोघांपैकी कोणाच्याच पोटापाण्याचा व्यवसाय नव्हता. पुढे याच अंकांभोवती जमलेल्या वर्गणीदारांतून आंतरराष्ट्रीय कीटकभक्षी वनस्पती संस्था आकाराला आली आणि त्रैमासिक तिचे मुखपत्र झाले. आधी संस्था आणि मग तिचे मुखपत्र हा रूढ क्रम येथे उलटा झाला, आणि छंदी नियतकालिकांच्या इतिहासात ही गोष्ट वाटते तितकी अपवादात्मक नाही.

तिऱ्हाईताला असे वाटते की अशा अंकाचे काम म्हणजे रोपाला पाणी किती घालावे, ऊन किती द्यावे, कुंडी केव्हा बदलावी हे शिकवणे. वास्तविक ते काम एखादे बरे पुस्तक एकदाच आणि अधिक नेटके करून टाकते, आणि ज्या नियतकालिकांनी केवळ तेच काम अंगावर घेतले त्यांना दोन-तीन वर्षांत लिहिण्यासारखे काही उरले नाही. छंदी नियतकालिकाचे खरे काम दुहेरी असते : निरनिराळ्या हवापाण्यात, निरनिराळ्या हातांनी केलेली निरीक्षणे एकमेकांशी ताडून पाहता येतील अशा रीतीने एकत्र आणणे, आणि झाडाचे नाव झाडापासून सुटू न देणे. या दृष्टीने पाहिले तर रंगीत मुखपृष्ठ आणि प्रवासवर्णने यांच्यापेक्षा बियांच्या याद्या, नावांच्या दुरुस्त्या, ‘हवे आहे’ आणि ‘देणे आहे’ या सदरांतील एकोळी मजकूर अशी अंकाची सर्वांत रुक्ष पानेच अधिक मोलाची ठरतात, हे मत या प्रस्तावनेत पुढे मांडले आहे.

कीटकभक्षी वनस्पती म्हणजे पानांचे सापळ्यांत रूपांतर करून कीटक आणि अन्य लहान जीव पकडणाऱ्या, त्यांचे पचन करून त्यांतील नत्र आणि स्फुरद शोषून घेणाऱ्या वनस्पती होत. त्या हरितद्रव्याच्या साहाय्याने इतर झाडांसारखेच अन्न तयार करतात. कीटक हे त्यांचे अन्न नसून खत आहे, आणि ज्या दलदलीत, वाळूमय पाणथळीत किंवा खडकावरच्या पातळ मातीत त्या उगवतात तेथे हे खत मुळांना मिळत नाही. नेपेंथिस, म्हणजे घटपर्णी, पानाच्या टोकाशी झाकण असलेला घट तयार करते. दवबिंदू या नावाने ओळखली जाणारी ड्रोसेरा पानावरील केसांच्या टोकांशी चिकट थेंब धरते. व्हीनस फ्लायट्रॅपचे पान बिजागरीवर मिटते. आणि युट्रिक्युलेरियाची सूक्ष्म पिशवी एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात पाण्यासकट भक्ष्य आत ओढते. चार्ल्स डार्विन यांनी १८७५ मध्ये या वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि तीन वर्षांनी त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी दवबिंदूच्या काही रोपांना मांसाचे कण देऊन आणि काहींना न देता असे दाखवले की खाऊ घातलेल्या रोपांना अधिक बी धरते.

त्याच काळात इंग्लंडमधील धनिकांच्या काचघरांत घटपर्णीची लाटच आली होती. एक्झेटर आणि लंडन येथील व्हीच घराण्याच्या रोपवाटिकेने आग्नेय आशियात माणसे धाडून रोपे आणवली, त्यांचे संकर केले आणि ते भारी किमतीला विकले. पहिल्या महायुद्धानंतर कोळसा, मजूर आणि हौस या तिन्हींची टंचाई पडली, काचघरे थंड झाली आणि त्यांतील कितीतरी संकर नाव मागे ठेवून नाहीसे झाले. फ्रान्सिस लॉइड यांचा १९४२ चा ग्रंथ सापळ्यांच्या रचनेविषयी आजही वाचावा असा आहे, परंतु तो प्रयोगशाळेतल्या वाचकासाठी लिहिलेला असून त्यात कुंडीतल्या रोपाची फारशी विचारपूस नाही. १९७० च्या सुमारास हा छंद लागलेल्या माणसाची स्थिती अशी होती की डार्विन वाचायला मिळे, मासिकांच्या मागच्या पानांवर फ्लायट्रॅपच्या कंदांच्या जाहिराती दिसत, आणि या दोहोंच्या मधले काहीच हाती लागत नसे. श्नेल यांचे स्वतःचे अमेरिका आणि कॅनडातील कीटकभक्षी वनस्पतींवरचे पुस्तक १९७६ मध्ये, आणि ब्रिटनमधील एड्रियन स्लॅक यांचे पुस्तक १९७९ मध्ये आले. म्हणजे पुस्तकांच्या आधी त्रैमासिक आले, आणि त्यामुळे पुस्तकांसाठी वाचक तयार होते.

हा प्रयोग अगदीच निराधार नव्हता. विल्यम कर्टिस यांनी १७८७ मध्ये लंडनमध्ये ‘बोटॅनिकल मॅगझिन’ सुरू केले तेव्हा दर अंकात हाताने रंगवलेली तीन चित्रे एका शिलिंगात मिळत; लंडनच्या आसपासच्या रानफुलांवरील त्यांच्या आधीच्या देखण्या ग्रंथाने त्यांना कर्जात ढकलले होते, ते या बागेतल्या फुलांच्या मासिकाने भरून काढले, आणि चित्रे हाताने रंगवण्याची प्रथा थेट १९४८ पर्यंत टिकली. कर्टिस यांचा वाचक मात्र बाग असलेला कोणीही सुखवस्तू गृहस्थ होता. एकाच वनस्पतिकुलाच्या वेडाला वाहिलेले नियतकालिक पाहायचे तर लंडनजवळच्या क्यू येथील शाही उद्यानातले वनस्पतितज्ज्ञ रॉबर्ट ॲलन रॉल्फ यांनी १८९३ मध्ये काढलेले ‘ऑर्किड रिव्ह्यू’ पाहावे लागते. ऑर्किडचा पहिला मानवनिर्मित संकर १८५६ मध्ये व्हीच यांच्याकडील जॉन डॉमिनी यांच्या हातून फुलला, आणि पुढच्या चाळीस वर्षांत संकरांची अशी गर्दी झाली की एकाच जोडीच्या संततीला दोन रोपवाटिका दोन नावे देऊ लागल्या. रॉल्फ यांनी मासिकातून मायबापांच्या नोंदी चिकाटीने लावल्या आणि १९०९ मध्ये चार्ल्स हर्स्ट यांच्यासह ऑर्किडची वंशावळ ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. निवडुंगांच्या क्षेत्रात कॅलिफोर्नियातील स्कॉट हॅझलटन यांनी १९२९ पासून असेच काम हाती घेतले. या साऱ्यांत श्नेल आणि मॅझ्रिमास यांचे साधन सर्वांत गरीब होते, कारण त्यांच्यामागे ना राजाश्रय असलेली बाग होती ना श्रीमंत ग्राहक.

देवाणघेवाणीची सदरे या त्रैमासिकाला का आवश्यक होती हे घटपर्णीच्या फुलोऱ्यावरून सर्वांत चांगले कळते. घटपर्णीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात, ज्याला विभक्तलिंगी अवस्था म्हणतात. झाड फुलोऱ्यावर येईपर्यंत ते नर की मादी हे ओळखता येत नाही आणि फुलोऱ्यावर यायला अनेक वर्षे जातात. फुलोरा म्हणजे एका उंच दांड्यावर लागलेली बारीक, पाकळ्या नसलेली, तपकिरी-हिरवट फुलांची रांग. ती खालून वर उमलत जाते, नरफुलाच्या मधल्या दांडीवर पिवळ्या परागांची गोळी दिसते आणि मादीफुलात फुगीर हिरवा बीजांडकोश. ज्याच्याकडे एकच झाड आहे त्याला ते फुलल्याचा आनंद आणि बी न धरल्याची हळहळ एकाच पंधरवड्यात सोसावी लागते. याउलट दुसऱ्या प्रांतातल्या एखाद्याकडे त्याच जातीचा नर त्याच सुमारास फुलत आहे हे वेळेवर कळले, तर पराग कागदाच्या पुडीत वाळवून, शीतपेटीत जपून टपालाने पाठवता येतात आणि मऊ कुंचल्याने मादीफुलावर लावता येतात. हे कळण्याची सोय कोणत्याही ग्रंथात असू शकत नाही. ती तीन महिन्यांनी येणाऱ्या यादीतच असू शकते, आणि तीही अपुरीच. घटपर्णीचे दोऱ्यासारखे बारीक बी काही महिन्यांतच उगवण्याची क्षमता गमावते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील खुजे दवबिंदू थंडीच्या दिवसांत पानांच्या मध्याशी जेमे नावाच्या कळ्या धरतात. त्या मूळ झाडाची हुबेहूब नक्कल असतात, पण बियांसारख्या टिकत नाहीत आणि काही आठवड्यांत रुजवाव्या लागतात. त्यामुळे त्रैमासिकाच्या यादीत त्यांचे नाव छापून येईपर्यंत त्या बहुधा बाद झालेल्या असत. अंकाने ओळख करून द्यावी आणि पुढचा व्यवहार पत्रांनी व्हावा अशीच पद्धत त्यातून रूढ झाली, आणि संस्थेने पुढे सभासदांनी पाठवलेल्या बियांची स्वतंत्र बीजपेढी चालवली, ती याच गरजेचे व्यवस्थित रूप होय.

नावांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. रानात सापडणाऱ्या जातीचे नाव लॅटिन द्विनाम पद्धतीने ठरते, परंतु माणसाने निवडून जोपासलेल्या एखाद्या विशिष्ट वाणाचे नाव वेगळ्या नियमांनी ठरते. लागवडीतील वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता १९५३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार वाणाचे नाव एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात, १९५९ नंतर दिलेले नाव लॅटिन रूपाचे चालत नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते नाव वर्णनासह, दिनांक असलेल्या प्रकाशनात छापून आले तरच प्रस्थापित झाले असे मानतात. या शेवटच्या अटीमुळे त्रैमासिकाच्या पानाला केवळ बातमीचे नव्हे तर दस्तऐवजाचे मूल्य प्राप्त होते. संपूर्ण लाल पानांच्या फ्लायट्रॅपचा ‘अकाई र्यू’ हा वाण आज जगभर विकला जातो. त्याच्या नावाखाली मिळालेले लालसर रोप खरोखर तोच वाण आहे की बियांपासून उगवलेला भाऊबंद, हे ठरवायचे तर मूळ वर्णन जेथे छापले गेले त्या अंकाकडेच वळावे लागते. १९९८ पासून आंतरराष्ट्रीय संस्थेकडे कीटकभक्षी वनस्पतींच्या वाणांची अधिकृत नोंदणी सोपवण्यात आली, आणि एका हौशी अंकाचे संपादक जगासाठी नामकरणाचे कारकून होऊन बसले. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यात वादही पुष्कळ होतात, कारण दात किंचित वाकडा आला, पान किंचित जाड निघाले की नवे नाव द्यावे असा मोह फ्लायट्रॅपच्या शौकिनांना आवरत नाही. नोंदणीपुस्तकात अशा नावांची जी खोगीरभरती झाली आहे तीतील बरीच नावे त्या वाणांचे मालक सोडून इतरांना ओळखता येतील की नाही याची शंकाच आहे. तरीही नोंद असलेली गर्दी नोंद नसलेल्या गर्दीपेक्षा बरी, कारण व्हिक्टोरिया राणीच्या काळातील घटपर्णीच्या संकरांविषयी आज जे संभ्रम आहेत ते नेमके नोंदी विस्कळीत राहिल्यामुळेच आहेत.

नोंद करण्याच्या या वृत्तीला एका ठिकाणी आवर घालावा लागतो, आणि ते ठिकाण म्हणजे रानातील पत्ता. शास्त्रीय लेखनाची शिस्त असे सांगते की वनस्पती कोठे आढळली ते नेमके लिहावे. छंदी नियतकालिकाचा अनुभव असा की नेमके लिहिले तर पुढच्या हंगामात तेथे खड्डे दिसतात. व्हीनस फ्लायट्रॅप निसर्गतः उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाच्या किनारी सपाटीवरील एका लहानशा टापूतच उगवतो, आणि तेथून त्याची इतकी चोरी होत आली की उत्तर कॅरोलायनाने डिसेंबर २०१४ पासून ती गंभीर गुन्ह्यांत जमा केली. बोर्निओतील नेपेंथिस राजा आणि मेघालयातील नेपेंथिस खासियाना या दोन घटपर्णींना वन्य जातींच्या व्यापारावरील ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात स्थान आहे आणि उरलेल्या सर्व घटपर्णी दुसऱ्या परिशिष्टात येतात. भारतात निसर्गतः आढळणारी घटपर्णी ही मेघालयातली एकच. गारो लोक तिला ‘मेमांग कोक्सी’, म्हणजे भुताची टोपली, म्हणतात, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने वनस्पतींचा जो मोजका गट संरक्षित केला गेला त्यात तिचा समावेश झाला. या परिस्थितीत जिल्ह्यापर्यंत पत्ता द्यावा, डोंगराचे नाव गाळावे, असा संपादकीय संयम पाळणे भाग पडते. अभ्यासकांना तो अपुरा वाटतो आणि गोळा करणाऱ्यांना जाचक, म्हणजे तो साधारण योग्य जागी असावा.

अर्थकारणाविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे. वर्गणीदार मूठभर, जाहिरातदार रोपवाटिका त्याहून थोड्या, कागद आणि टपालहशील मात्र सर्वांना सारखेच. तेव्हा सुरुवातीची वर्षे पदरमोड करूनच निभावतात. मजकूर कमी पडला की जोडअंक काढायचा आणि तरीही तारीख चुकली की दिलगिरी छापायची, हा क्रम जगातल्या सर्वच छंदी संपादकांना ठाऊक आहे. कसोटी पहिल्या अंकाची नसते, कारण पहिल्या अंकासाठी प्रत्येकाकडे एक लेख साठवलेला असतोच. ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची असते, जेव्हा ठरावीक चारपाच हौशी लेखकांचे सांगून झालेले असते आणि गप्प बसलेल्या वर्गणीदाराकडून त्याच्या मेलेल्या रोपाची हकिगत काढून घ्यावी लागते. फसलेल्या प्रयोगाची अशी हकिगत यशाच्या चार हकिगतींइतकी उपयोगी पडते, आणि तीच मिळणे सर्वांत अवघड असते.

महाराष्ट्राशी या विषयाचा संबंध केवळ वाचकाचा नाही. कोकणातले जांभ्या खडकाचे सडे आणि साताऱ्याजवळचे कास पठार येथे पावसाळ्यात दवबिंदूच्या आणि युट्रिक्युलेरियाच्या अनेक जाती उगवतात; ‘सीतेची आसवे’ या नावाने मराठी माणसाला माहीत असलेली जांभळी-निळी फुले ही युट्रिक्युलेरियाचीच, आणि त्यांच्या मुळाशी, चिखलात, त्या क्षणार्धात झडप घालणाऱ्या पिशव्या असतात हे पठारावर छायाचित्रे काढणाऱ्या बहुतेकांना माहीत नसते. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात कासचा समावेश झाला. खडकावर बोट-दोन बोटे माती, तिच्यातून धुऊन जाणारे क्षार आणि तीनचार महिने साचलेले पाणी ही परिस्थिती कुंडीत आणणे कठीण असते, आणि यांतील बऱ्याच जाती एकाच पावसाळ्यात उगवून, फुलून, बी टाकून संपणाऱ्या असल्याने उपटून आणलेले रोप दिवाळीपर्यंतही टिकत नाही.

दुसऱ्या बाजूला कुंडीतले परदेशी रोप आहे, आणि त्याच्या बाबतीत परक्या देशातील सल्ला येथे जसाच्या तसा लागू होत नाही. कीटकभक्षी वनस्पतींना दर लिटरमागे साधारण ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी विरघळलेले क्षार असलेले पाणी लागते. महाराष्ट्रातील बोअरवेलचे पाणी बहुतेक ठिकाणी याच्या कितीतरी पट जड असते, त्यामुळे पावसाचे पाणी पिंपात साठवणे, आरओ यंत्राचे पाणी वापरणे आणि टीडीएस मीटरने ते तपासत राहणे हा येथील छंदाचा अर्धा खटाटोप होऊन बसतो. युरोप-अमेरिकेत सहज मिळणारे दलदली पीट येथे आयात करावे लागते आणि त्याऐवजी कोकोपीट वापरले तर नारळाच्या सोडणात मुरलेले मीठ अनेकदा धुऊन काढावे लागते. फ्लायट्रॅपला तीनचार महिन्यांची थंड विश्रांती हवी असते. पुण्याच्या डिसेंबरमधील रात्री ती थोडीफार देतात, मुंबईच्या देत नाहीत, आणि मग कंद ओल्या शेवाळात गुंडाळून शीतपेटीत ठेवण्याचा मार्ग उरतो, जो घरातील इतर मंडळींच्या संमतीवर अवलंबून असतो. यांपैकी कोणतीही गोष्ट एकट्याने एका वर्षात पडताळून पाहता येत नाही. रत्नागिरी, पुणे, नाशिक आणि नागपूर येथील चार कुंड्यांची एका हंगामातील नोंद शेजारी शेजारी छापली गेली तर मात्र ती पडताळता येते.

मराठीत असे त्रैमासिक निघाले तर त्याच्या देवाणघेवाणीच्या सदराचा पाया ऊतीसंवर्धनाने, म्हणजे प्रयोगशाळेत निर्जंतुक माध्यमावर वाढवलेल्या रोपांचा असावा. जळगावच्या केळीमुळे हे तंत्र मराठी शेतकऱ्याला नवीन राहिलेले नाही, आणि आज बाजारात मिळणारे फ्लायट्रॅप मोठ्या प्रमाणावर त्याच मार्गाने आलेले असतात. सड्यांवरील वनस्पतींसाठी मात्र ‘देणे आहे’ हे सदर बंद ठेवून केवळ नोंदींचे सदर उघडावे : पहिले रोप दिसल्याचा दिवस, खडकावरील पाण्याची खोली, शेजारच्या वनस्पती, फुले येण्याचा आणि बी गळण्याचा काळ, गुरे चरतात की नाही, आणि तालुक्यापुरता पत्ता. अंकांच्या तारखाही जानेवारी-एप्रिल अशा न ठेवता मृगाच्या सुमारास पहिला आणि सड्यांवरचे पाणी आटल्यावर दुसरा अशा ठेवणे सोयीचे ठरेल, कारण उन्हाळ्यात कळवण्यासारखे फारसे काही नसते आणि त्या काळातला अंक पिंपातले साठवलेले पाणी पुरवण्याच्या युक्त्यांनीच भरावा लागेल.